बंदरावरचे बेडूक

मला बेडकांची किळस येते, हे आधीच सांगते. तरी पंचेचाळिशी उलटल्यावर मिळालेल्या पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला बेडूकच आले. अंधेरीतल्या त्या ऑफिसात परदेशी संग्रहालयांतल्या, मेलेले प्राणी जपून ठेवलेल्या जुन्या बाटल्यांची लेबलं वाचून माहिती कॉम्प्युटरवर भरायची असते. मला मिळाला क्युबाकडचा, झाडावर राहणाऱ्या एका जातीचा बेडूक. कुठल्या बेटावर सापडला ते भरलं की नकाशावर आपोआप ठिपका पडायचा. ते ठिपके पाहून हा मूळचा कुठला, हे तिकडचे अभ्यासक ठरवणार होते.

नावाचं कोडं मला लगेच सुटलं. जुन्या लेबलांवर त्याच्या जोड शास्त्रीय नावातलं पहिलं नाव वेगळं, नव्यांवर वेगळं, दुसरं मात्र तेच. ऑफिसातली शिकलेली पोरं गोंधळायची. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं. माहेरची पत्रं एका नावाने यायची, सासरची दुसऱ्या नावाने, बाई तीच. मी भराभर भरत गेले आणि जरा शेफारलेही.

तीन महिन्यांची बोली होती. काम बिनचूक झालं तर कायम, नाहीतर घरी. शेवटच्या रविवारी मी चारकोपच्या बाजारात नेहमीच्या कोळणीसमोर उभी होते. ही मावशी वर्सोव्याहून येते.

"पापलेट वर्सोव्याचंच ना?" मी विचारलं.

"बोट वर्सोव्याला लागली," मावशी म्हणाली. "पापलेट काय धक्क्यावर पोहत होतं? धरलं लांब, उतरवलं तिथं. दर रविवारी तेच काय विचारतेस?"

पिशवी पुढे करताना मला ऑफिसातलं काम आठवलं. चार बाटल्यांतल्या सगळ्या बेडकांपुढे मी एकाच बंदराचं नाव भरलं होतं. लेबलावर तेच होतं. पण लेबलासोबत जुन्या वहीचं पानही स्कॅन करून दिलेलं असतं, ते मी उघडलंच नव्हतं.

सोमवारी उघडलं. त्यात लिहिलं होतं, क्युबाहून केळ्यांच्या पेट्यांतून आलेले, बोटीवरून माल उतरवताना सापडलेले. बेडूक क्युबाचे, बंदर पलीकडच्या बेटाचं, आणि मी त्यांना तिथलेच रहिवासी करून टाकलं होतं. काम पाठवूनही झालं होतं. गप्प बसले असते तर मंगळवारी कायम झाले असते. खोटं कशाला बोलू, तासभर गप्प बसलेच.

मग सुपरवायझरकडे गेले. मुलुंडहून येणारी, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने पान वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"वाट लागली ना काकू."

मी पर्स घ्यायला वळले.

"कुठे चाललात? खुर्ची आणा इकडे."

दिवसभर आम्ही दोघी एकेक पान उघडत बसलो. डबाही तिथेच खाल्ला. तिने तक्त्यात एक नवा रकाना घातला. पकडला कुठे ते वेगळं, उतरवला कुठे ते वेगळं. संध्याकाळी तिने चुकीची कबुली देणारा मेल लिहिला आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव टाकलं.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"भरलं तुम्ही, पास मी केलं."

तिचे हे उपकार मी विसरणार नाही. माझी चूक वाटून घेणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

आठवडा गेला. मग संग्रहालयवाल्यांचं उत्तर आलं. दुरुस्त काम त्यांना पटलं होतं, नवा रकाना सगळ्याच कामाला लावायचा होता. मी कायम झाले.

रविवारी मावशीला मोबाइलवर नकाशा दाखवला. बंदरावरचे ठिपके गेले होते. तुझ्यामुळे माझी नोकरी राहिली, असं मी तिला सांगितलं.

"बेडूक खातात ती लोकं?"

"नाही."

"मग कुठला का असेना," असं म्हणून ती मासा साफ करायला लागली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "हे पापलेट डहाणूसमोर धरलेलं. बोटवाल्याला विचारून ठेवलंय तुझ्यासाठी."