मंगळवारची दुर्बीण

हे मी कुणालाच बोललेलो नाही. कामगार संघटनेत नाही, घरातही नाही. पत्रकं मात्र ढिगांनी लिहिली — बंधू-भगिनींनो, जागे व्हा! आता थकलोय. तुम्ही समोर बसलाय असं समजून लिहितो.

दामूदादा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलचे ड्रम धुवायचा. राहायला बदलापूरच्या कुळगावात. दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, तरी लिव्हर गेलं. कंपनी म्हणायची, पीत असणार. आम्ही म्हणायचो, तुमच्या वाफा पीत होता. नक्की काय ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही — पण पत्रकात 'कदाचित' लिहितं का कुणी?

एकदा त्याला रक्ताची उलटी झाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. तिथल्या तरुण डॉक्टरने समजावलं — लिव्हर कडक झालं की रक्त तुंबतं, जठरातल्या शिरा फुगतात आणि फुटतात. पोट फाडायची गरज नाही. तोंडातून दुर्बीण घालायची, सुईने शिरेत औषध सोडायचं, शीर बंद. तेव्हा आमच्याकडे हे कुणी ऐकलंही नव्हतं. रक्त थांबलं. दादा वॉर्डभर सांगत सुटला, "पोटात शिरा निघाला रे माझ्या! आणि ही म्हणते, मी कधी केलाच नाही." वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

डॉक्टरने निघताना बजावलं, एक शीर अजून फुगलेली आहे. मंगळवारी आणाच.

मंगळवारी आमची गेटसभा होती.

बघा — इथे आलो की अजून अडखळतो. पत्रक छापून झालं होतं. मंगळवारी दामोदर स्वतः बोलणार!!! उल्हासनगरचा सिंधी प्रेसवाला छपाईचे खिळे जुळवताना वैतागला होता, "साईं, जरा हळू ओरड. माझी उद्गारचिन्हं संपली." ते गठ्ठे घरोघर गेले होते. दादाच नसला तर सभेत उरणार काय? मीच ना, रोजचा?

वहिनींनी विचारलं, "भावजी, दुर्बिणीचं काय? सभा मागे-पुढे नाही का व्हायची?"

मी म्हणालो, डॉक्टरांशी फोनवर बोललोय, पुढच्या आठवड्यात आणलं तरी चालेल म्हणाले.

मी फोन केलाच नव्हता.

कुठून आलं ते वाक्य? शोधावंही लागलं नाही. गेटवर ज्या आवाजात बोलायचो, त्याच आवाजात बोललो. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि दादाचा सदरा धुवायला घेतला.

दादा सभेत चांगला बोलला. बायका रडल्या. मला — हे लिहायला लाज वाटते — मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा उलटी झाली, घागर उपडी व्हावी तशी. टॅक्सीत घातला. बदलापूरहून निघालो, उल्हासनगर मागे पडायच्या आत तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं.

इथवरचं एक वेळ घाबरटपणा म्हणा. पुढचं मात्र शांत डोक्याने केलं. दुसरं पत्रक लिहिलं — गरीब म्हणून पुढची तारीख! हॉस्पिटलच्या हलगर्जीचा बळी! खाली डॉक्टरचं नाव. ते हॉस्पिटलच्या दारात वाटलं. डॉक्टर खाली आला, एक पत्रक घेतलं, उभ्यानेच वाचलं. मग मला विचारलं, "मंगळवारी मी वाट बघत होतो. का नाही आणलंत?"

भोवती पोरं घोषणा देत होती. मीही हात वर केला आणि त्यांच्यात ओरडायला लागलो.

वहिनी अजून त्या डॉक्टरला शिव्या घालतात. मला अजून भावजी म्हणतात. गेलो की आधी चहा टाकतात.

मी पितो.