गुळाचा खडा आणि एटीपी

एकाहत्तरच्या लढाईत बाबांच्या फॅक्टरीत रोज ओटी असे, म्हणजे ओव्हरटाइम. बाबा फिटर. दिवसभर उभं राहून कानस चालवायची आणि मग सायकलने चढावरच्या गढा वस्तीत घरी यायचं. पोटऱ्यांत गोळे येत. डब्यात ते गुळाचा मोठा खडा नेत आणि दुपारनंतर बळ सरत आलं की चघळत.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकत होतो. एका प्रॅक्टिकलला सरांनी ग्लिसरीनमध्ये मुरवलेले सशाच्या स्नायूचे तंतू दिले. एकावर ग्लुकोजचे थेंब टाकले. तो होता तेवढाच राहिला. दुसऱ्यावर एटीपीचे, म्हणजे पेशींना थेट ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो माझ्या डोळ्यांदेखत आखडला. मी इतका हरखलो की सर पुढे काय सांगत होते ते ऐकलंच नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं, साखरेनं स्नायू हलत नाही, एटीपीनं हलतो. मला फक्त हुशारी दाखवायची होती.

"म्हणजे आमची ओटी, तुमचं एटीपी," बाबा हसले. पण दुसऱ्या दिवशी डब्यातला गूळ त्यांनी काढून आईला दिला. लहान्यांना दे म्हणाले, माझ्या अंगी लागत नाही, पोरानं पाहिलंय.

थोड्याच दिवसांत ते उशिरा येऊ लागले.

"काहून पायी येऊन राहिले? सायकल बिघडली का?" आईनं विचारलं.

चढावर पाय चालत नाहीत, एवढंच ते बोलले. आपल्या शिकण्यावर वडिलांचा एवढा भरवसा असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

मी सरांना गाठलं. त्यांनी न रागावता पुन्हा समजावलं. तो तंतू मेलेला होता, साखरेचं एटीपी करणारं सगळं त्यातून ग्लिसरीननं काढून टाकलेलं. जिवंत शरीर त्याच साखरेतून एटीपी बनवतं.

संध्याकाळी मान खाली घालून मी हे बाबांना सांगितलं. ते पोटऱ्या चोळत बसले होते.

"म्हणजे ते मेलेलं होतं आन मी जिता आहे. एवढाच फरक नं?"

"हो, बाबा."

ते माझ्यावर चिडले नाहीत. सकाळी आईनं डब्यात गूळ ठेवला. बाबांनी दारातच त्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"आज कॉलेजात तुला नवीन काही शिकवायच्या आधी खाऊन घेतो," म्हणाले, आणि सायकलवर बसले.