सरळ केलेली रिम

फाटलेला टायर समोर आला की मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. दुकान टायरचं, आजूबाजूला पाने, जॅक, हवेची मशीन, आणि मालक मात्र देवळात आल्यासारखा लांब उभा. "हात लावू नगासा," ते गिऱ्हाइकालाही दम भरायचे. "आदी इन्शुरन्स हाय का सांगा."

शाहूपुरीत कधी गाडीत हवा भरायला थांबला असाल, तर तुम्हीही हा दम खाल्ला असेल. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणीचं काम करते. तयार झालेला माल बघायचा आणि खोट दिसली की नापास करायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे मी माणसंही तशीच तपासते, असं घरचे म्हणतात. त्यांचं चूक नाही. मी नवी गाडी घेतली तेव्हा टायर आणि रिमसाठी वेगळा विमा घ्या म्हणून एजंट मागे लागला. यात काहीतरी खोट आहे असं वाटत होतं, पण ती सापडत नव्हती. म्हणून मामांना विचारायला गेले.

"मामा, घेऊ की नको?"

"रोज जानं कुठं?"

"शिरोलीला. हायवेनं."

"मग घ्या. ट्रकातनं पडल्याली नटबोल्टं, खड्डं, समदं तुमच्याच वाट्याला. गावातल्या गावात भाजी आनायला गाडी काढत असता, तर नगा म्हटलो असतो. नुसता टायर फुटला तर सादा इन्शुरन्स काय देत न्हाय, गाडी ठोकली तरच देतोय." मग त्यांनी आवाज चढवला, कारण रस्त्यापलीकडेच एका विमा कंपनीचं ऑफिस होतं. "पर घ्यायचं ते वसूल करायला घ्यायचं! नरड्यात हात घालून काडायचं!"

एवढा राग कुठला, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच दुकानात खिळ्याला टांगलेली एक लोखंडी रिम दाखवली आणि सगळं सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ इचलकरंजीला राहायचा. गाडी स्वतःची, आणि तिथल्या व्यापाऱ्यांना भाड्यानं फिरवायचा. टायरचा विमा घे म्हणून मामांनीच त्याला गळ घातली होती. एका खड्ड्यात गाडी आदळली, रिम वाकली, टायरला फुगा आला. ते चाक मामांच्या दुकानात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या ऑफिसातून सर्व्हेअर ते तपासायला येणार होता.

आता सांगा, घरी पाहुणा येणार म्हटलं की आपण काय करतो? मामांनी तेच केलं. दुकान झाडलं. टायर साबणानं धुतला, त्याला काळं पॉलिश चढवलं. आणि असली वाकडी रिम साहेबापुढं ठेवायची कशी, म्हणून सकाळभर ठोकून ठोकून ती सरळ केली. वर चहा आणि भडंग तयार ठेवलं.

सर्व्हेअरनं भडंग खाल्लं, चहा घेतला, आणि कागदावर लिहिलं की नुकसानीत फेरफार झालेला आहे. क्लेम नामंजूर.

"भडंग आनिक मागून खाल्लं, ताई," मामा म्हणाले. त्यांना ते जास्त लागलं होतं.

भावाची गाडी उभी राहिली. कायमची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली. मामा दुकानातला नवा टायर घेऊन त्याच्या घरी गेले, तर त्यानं तो उंबऱ्याबाहेर भिरकावला. "दादा, तुज्या हातानं माजं वाटुळं झालं," एवढंच बोलला. त्यानंतर तो दुकानाची पायरी चढला नाही. मामांचे हात पाठीमागे गेले ते तेव्हापासून.

मग त्यांनी सूड सुरू केला. येईल त्याला शिकवायचे: फोटो काढा, खड्ड्याचाही काढा, फडकंसुद्धा लावू नका, तसल्या चाकावर गाडी हाकू नका. यात त्यांचंच गिऱ्हाईक जायचं, पण त्यांना पर्वा नव्हती. कुणाचा क्लेम मंजूर झाला की ते व्हीलपान्यानं त्या टांगलेल्या रिमवर एक ठोका मारायचे. टण्ण! "गेलं का रं ऐकू?" असं पलीकडच्या ऑफिसाकडे बघून ओरडायचे.

माझा टायर पुढच्याच वर्षी फाटला. त्यांनी सांगितलं तसंच केलं आणि क्लेम मंजूर झाला. मी पेढे घेऊन गेले. त्या दिवशी पाना त्यांनी माझ्या हातात दिला. मी दणकून ठोका मारला आणि फार बरं वाटलं, हे सांगायला मला लाज नाही.

पेढा खाताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "इचलकरंजीकडं जानं झालं का? आमचा धाकटा दिसला का कुठं?" गाडीवाला भेटला की हा प्रश्न ठरलेला. मी नाही म्हटलं की ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

एकदा तोच सर्व्हेअर फाटक्या टायरची गाडी ढकलत दुकानापुढे आला. मी तिथेच होते.

"वळखलंसा का?" मामांनी विचारलं.

"नाही हो. जरा स्टेपनी लावून द्या, घाई आहे."

ओळखलंसुद्धा नाही! मामांचे हात पाठीमागे. "मी हात लावला तर फेरफार हुतोय. सर्व्हेअर बोलवा."

त्याचा चेहरा पडला. पांढऱ्या शर्टात, गुडघ्यावर बसून त्यानं स्वतः चाक बदललं. मामा शेवटपर्यंत हलले नाहीत. फक्त मधे एकदा ओरडले, "जॅक सरकतोय, पावणं, पाय मागं घ्या!" सूड घेतानाही गाडी माणसावर पडू देण्याची त्यांची तयारी नव्हती. माझी होती.

गेल्या वर्षी मामा अचानक गेले, झटक्यानं. महिन्याभरानं त्या रस्त्यानं जाताना दुकान उघडं दिसलं. आत त्यांच्याच तोंडावळ्याचा माणूस सामान आवरत होता. खिळा मोकळा होता.

बाहेर त्याची गाडी जॅकवर उभी होती आणि ती रिम तिच्या पुढच्या चाकाला लावलेली होती. मी वाकून चाकाला एक गरका दिला. वीस वर्षांची नजर लावून, नापास करायच्याच इराद्यानं बघितलं. फिरताना चाक सूतभरही डगमगलं नाही. सकाळभर ठोकून कुठल्या पाहुण्यासाठी इतकं नीट केलं होतं त्यांनी!

"दादानं सरळ केल्याली हाय," भाऊ मागून म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ताई, तुमी येत हुता म्हनं हितं. दादा माज्याबद्दल कदी काय इचारायचा का?"

त्याचे डोळे लाल होते, ते मी बघितलं. पण उंबऱ्याबाहेर भिरकावलेला तो टायरही मला आठवला. कितीदा, ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."