स्तामाताची जांभई

मितात या गावात कुणाला दृष्ट लागली की स्तामाताकडे जायचं, ही रीत तिच्या सासऱ्याच्या हयातीपासूनची. मंत्र तिला सासऱ्यानंच दिला. आमच्या ग्रीक बेटावर तो पुरुषानं बाईला आणि बाईनं पुरुषाला द्यायचा असतो. बाईनं बाईला दिला की त्यातला जोर जातो. वाटीत पाणी घ्यायचं, ऑलिव्हच्या तेलाचे थेंब सोडायचे, ओठातल्या ओठात पुटपुटायचं, आणि मग जांभईची वाट बघायची. जांभई दृष्ट काढणारीला आली पाहिजे. आली की समजायचं, निघाली दृष्ट.

इतर बायकांना जांभई येते तशी येते. स्तामाताची जांभई म्हणजे जबडा निखळतो की काय अशी भीती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. सिडनीला गेलेली गावची माणसं तिकडून फोन करायची आणि ही इकडे फोन कानाला लावून जांभया देत बसायची. तिचा नवरा मिनास मधमाश्या पाळायचा आणि बायकोची टिंगल करायचा. "हिची झोप कधी पुरी होत नाही, आणि लोकांना वाटतं सिद्धी आहे," असं तो कॉफीच्या दुकानात सर्वांदेखत सांगायचा.

मिनास गेला आणि ती जांभई बंद पडली.

तो गेला भर दुपारी. उन्हाळ्यात जेवणं झाली की आमचं सगळं बेट झोपतं. खिडक्यांची लाकडी दारं ओढून घेतात, घरात अंधार होतो आणि रस्त्यावर मोठ्यानं बोलणाऱ्याला लोक शिव्या घालतात. स्तामाता आणि मिनास तसेच झोपले, लग्न झाल्यापासून झोपत आले तसे. ती उठली, तो उठला नव्हता. "ऊठ रे, किती लोळशील," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. दोन कप कॉफी केली, एक त्याच्या उशाशी ठेवली आणि आपली कॉफी पीत पीत त्याला बोलतच राहिली, की मधमाश्यांना पाणी कोण ठेवणार, माझा बाप? कप रिकामा झाला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. हात गार होता.

गाव जमलं. "काय पुण्यवान मरण! झोपेत गेला. त्याला कळलंसुद्धा नाही," असं जो तो म्हणायचा. हे ऐकलं की स्तामाताच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. त्याला कळलं नाही हे ठीक आहे. मला कळलं नाही, त्याचं काय? वीतभर अंतरावर तो शेवटचा श्वास घेत होता आणि आपण घोरत होतो. जागी असते तर हलवलं असतं, पाठीत बुक्का मारला असता, पाणी शिंपडलं असतं. हे ती कुणाला बोलली नाही. तिनं फक्त झोपणं सोडलं.

सोडलं म्हणजे अगदी सोडलं असं नाही, देह आहे, कुठेतरी खुर्चीत डुलकी लागायचीच. पण लगेच दचकून उठायची. गालफडं बसली. बायका दृष्ट काढायला येत, ही पुटपुटे, तेलाकडे बघे, जांभईचा पत्ता नाही. हळूहळू बायका शेजारच्या गावी जायला लागल्या. शेवटी सिडनीहून तिची कानेला नावाची मुलगी फोनवर ओरडली, "आई, अशीच राहिलीस तर तूही बाबांच्या मागे जाशील. चार महिने माझ्याकडे ये. इथे मी तुझ्या उशाशी बसेन, पण तुला झोपवेन." म्हणून स्तामाता निघाली.

आखातात विमान बदललं आणि पुढच्या लांबच्या प्रवासाला तिला जागा मिळाली ती शेपटीकडे, दोनच खुर्च्यांच्या रांगेत, खिडकीशी. एका बाजूला विमानाची भिंत. दुसऱ्या बाजूला एक माणूस येऊन बसला तो इतका धिप्पाड, की तीही भिंतच झाली.

"कुणाचा रे तू?" स्तामातानं विचारलं. त्याच्या हातात आमच्याकडच्या बेकरीची पिशवी होती, म्हणजे विचारायला हरकत नव्हती.

"आव्लेमोनास गावच्या फोतिनीचा. फानिस."

"फोतिनीचा थोरला? अरे, परवा तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवसाचे उकडलेले गहू खाल्ले मी! देव तिला विसावा देवो."

"हो थिया," फानिस म्हणाला. पन्नाशीचा बाप्या, पण आमच्याकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला थिया, म्हणजे मावशीच म्हणतात. "चाळिसावं उरकून निघालोय. तिकडे माझं मासे तळायचं दुकान आहे. उतरलो की परवापासून कढई चढवायची. तेव्हा थिया, राग मानू नकोस, पण मी आता झोपतो."

आणि झोपलासुद्धा. जेवणाची ताटं उचलून होईतो त्याचं डोकं मागे पडलं, तोंड उघडलं आणि घोरणं सुरू झालं. हवाई सुंदरीनं येऊन स्तामाताच्या खिडकीची झडप खाली ओढली. बाहेर लख्ख ऊन होतं, आत अंधार. अगदी घरच्या दुपारसारखा.

तेवढ्यात फानिसचा श्वास थांबला.

घोरणं चालू होतं, एकदम तुटलं. छाती वर आली ती तिथेच राहिली. स्तामातानं मनात "हे देवी" म्हटलं, पुन्हा म्हटलं, तरी काही नाही. तिनं कोपर उचललं आणि त्याच्या बरगडीत घातलं.

"आं? काय झालं?"

"काही नाही. खारी खा. घरची आहे, तेलातली."

फानिसनं झोपेतच खारी चावली, घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा लवंडला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. घर्र, घर्र, आणि सन्नाटा. पुन्हा कोपर.

"आता काय, थिया?"

"तुझा पट्टा सैल झालाय."

"असू दे."

तिसऱ्यांदा तिला कारणही सुचलं नाही. "आहेस ना?" एवढंच ती म्हणाली.

"कुठे जाणार मी? विमानात आहोत आपण!"

ते तर तिलाही कळत होतं. उठून जावं तर हा डोंगर ओलांडायचा, आणि ओलांडून जाणार कुठे? संडासाच्या दारापर्यंत. घरी निदान अंगणात जाऊन बसता यायचं, कुणाचा श्वास ऐकायचा नाही. इथे पट्ट्यानं बांधून तिला एका झोपलेल्या पुरुषाच्या शेजारी अंधारात बसवलं होतं, तेही तासन् तास. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले होते. कानात बोटं घातली तर श्वास ऐकू येईना, आणि ते त्याहून भयंकर. तिनं बोटं काढली. थांबला होता. कोपर.

आता मात्र फानिस भडकला. "बाई गं, सहा आठवडे मी धड झोपलो नाही! आई गेली, पाहुणे, पाद्री, कागदपत्रं. एवढा प्रवास होता झोपायला, तोही तू नासवलास. काय वैर आहे तुझं माझ्याशी?" त्यानं घंटी वाजवून दुसरी जागा मागितली. विमान गच्च भरलेलं, हवाई सुंदरीनं गोड हसून नाही म्हटलं. म्हणजे तोही अडकला. तो कपाळ दाबत बसला. "डोकं ठणकतंय आता. फुटतंय की काय."

स्तामाताला ओशाळल्यासारखं झालं. पण ठणकणारं डोकं म्हटल्यावर तिचं जुनं कसब जागं झालं. "दृष्ट लागलीय तुला," ती म्हणाली. "चाळिसाव्याला सगळं बेट जमलेलं. एवढा धष्टपुष्ट, परदेशात दुकान. लागणारच की. थांब."

फानिस ऑस्ट्रेलियात जन्म काढलेला माणूस. पण आईचं दूध आमच्या बेटाचं. त्यानं वाद घातला नाही, मुकाट्यानं डोकं खाली केलं. जेवणातल्या सॅलडबरोबरची तेलाची पुडी स्तामातानं ठेवून घेतली होती, कारण फुकट दिलेली वस्तू टाकायची नसते. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी होतंच. तिनं पुडी दातानं फोडली, थेंब सोडले, क्रूसाची खूण केली आणि पुटपुटायला लागली. थेंब पाण्यावर पसरले. आशा तिला नव्हतीच. नुसती सवय म्हणून ओठ हलत होते.

आणि जांभई आली.

आली ती कुठून तरी पायाच्या अंगठ्यापासून आली. जबडा कडकडला, डोळे वाहायला लागले. मागोमाग दुसरी. मग तिसरी. पलीकडच्या रांगेतला कुणी जपानी गृहस्थ जागा होऊन जांभया द्यायला लागला.

"बघ! बघ!" स्तामाता डोळे पुशीत म्हणाली. "केवढी दृष्ट! बैलाला लागली असती तर बैल मेला असता!" तिनं त्याच्यावर तीनदा थू थू थू केलं.

फानिस तिच्याकडे बघत होता. "थिया, दृष्ट असेल, नाही म्हणत नाही. पण तुला झोप आलीय."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं दृष्ट काढतेय मी!"

"डोळे मिटतायत तुझे."

खरंच मिटत होते. दहा महिन्यांची झोप दाराशी येऊन उभी होती आणि आता ती दार ढकलत होती. स्तामाता घाबरली. तिनं फानिसचं मनगट घट्ट पकडलं. "मला झोपू देऊ नकोस. तुझा श्वास थांबतो झोपेत. मी झोपले आणि तो थांबलाच तर? मला कळायचं नाही. मला कळत नाही!"

मग जे गावात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं या परक्या पोराला सांगितलं. अंधार, दुपार, दोन कप कॉफी. "त्याला बोलत होते मी, फानिस. मेलेल्या माणसाला आळशी म्हणत होते. कॉफी पीत होते."

फानिसनं मनगट सोडवून घेतलं नाही.

"आई गेली तेव्हा मी जागा होतो," तो म्हणाला. "टक्क जागा. दुकानात गर्दी होती. एक म्हातारा गिऱ्हाईक रोज तोच विनोद सांगतो, तो सांगत होता आणि मी कढईशी उभा राहून हसत होतो. नंतर वेळ जुळवली. बरोबर त्याच वेळी ती गेली. जागा असून काय केलं मी, थिया? हसलो."

"तू लांब होतास."

"आणि तू झोपली होतीस. ते काय जवळ असतं?" त्यानं घंटी वाजवून काळी कॉफी मागवली. "झोप. मी बसतो जागा. डोकंही उतरलंय." ते तेलानं उतरलं की थापा मारत होता, देव जाणे. "तुझा श्वास मी बघतो. माझा बघायला लागणार नाही, मी झोपतच नाही मग."

"नक्की?"

"आईची शपथ. आणि ती नुकतीच गेलीय, म्हणजे ऐकत असणार."

स्तामातानं आणखी एक जांभई दिली, ती अर्धीच. उरलेली अर्धी झोपेत गेली.

जाग आली ती चेहऱ्यावर ऊन पडल्यामुळे. झडप वर होती, खाली तपकिरी जमीन दिसत होती आणि नाश्त्याचा वास सुटला होता. मान अवघडली होती, फानिसच्या बाहीवर तिच्या लाळेचा डाग पडला होता. फानिस ताठ बसलेला, डोळे बिटासारखे लाल.

"झोपला नाहीस?"

"शपथ घेतली होती ना. अर्धी दुनिया ओलांडली, तू हलली नाहीस. घोरतेस मात्र ट्रॅक्टरसारखी, थिया. आणि दोनदा श्वास थांबला तुझा."

स्तामाता पार सरळ झाली. "थांबला? मग? उठवलंस मला?"

"नाही."

"नाही? अरे गाढवा! मेले असते म्हणजे?"

"मी बघत होतो की. पहिल्यांदा थांबला तेव्हा कोपर उचललंसुद्धा. पण तू इतकी गाढ झोपलेली... म्हटलं जरा बघू. आला परत. दुसऱ्यांदाही आला."

"आणि नसता आला तर?"

फानिसनं विचार केला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं, पण तो थकला होता. "नसता आला तर मी तसाच बघत बसलो असतो, थिया. कुठलं थांबणं शेवटचं, ते मला कसं कळणार? तोंडाशी तोंड होतं आपलं, डोळे उघडे होते माझे. तरी नसतं कळलं. हवाई सुंदरी नाश्ता घेऊन आली असती आणि मी तुला म्हटलं असतं, ऊठ, आम्लेट गार होतंय."

स्तामाता त्याला आणखी शिव्या देणार होती. शिवी ओठांपर्यंत आली आणि तिथेच विरघळली. दहा महिने तिला खात्री होती, की आपण जाग्या असतो तर मिनासला धरून ठेवलं असतं. हा ठोंब्या जागा होता, सारा वेळ तिच्याकडे बघत होता, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

ती रडायला लागली. गावात ती रागानं रडली होती, लाजेनं रडली होती. मिनास नाही म्हणून रडायचं राहूनच गेलं होतं. ते आता, पुढ्यात आम्लेट घेऊन, मोठ्यानं झालं. लोक वळून बघायला लागले. फानिस गोंधळला. "काय झालं? पुन्हा दृष्ट?"

"झोप तू आता," नाक पुशीत ती म्हणाली. "उतरायला वेळ आहे अजून."

तिचं वाक्य संपायच्या आत त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. जड होतं. घर्र, घर्र, आणि मध्येच सगळं थांबलं. स्तामातानं काट्यानं आम्लेटचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. जरा आळणीच होतं.