सर्व्हरवर धरलेली जागा

परळच्या ज्या ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो, तिथलं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की सर्व्हरवर एका वेळी किती जोडण्या चालतील, तो आकडा आधीच भरून ठेवावा लागतो. मी माणसं मोजून भरला, वर थोडा वाढवूनही दिला. तरी रोज फोन, "सर्व्हर घेत नाही." शेवटी डोकं फिरलं आणि स्वतःच जाऊन बसलो.

हेडक्लार्क बाई सगळ्यांच्या आधी येत आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येकासाठी आपल्याच कॉम्प्युटरवरून एकेक जोडणी उघडून ठेवत. ती मंडळी आली की आपापली नवीन उघडत. बाईंच्या तशाच अडकून राहत आणि आकडा भरून जाई.

"अहो बाई, ही काय नाटकाची खुर्ची आहे, रुमाल टाकायला?" मी ओरडलोच.

"मग त्यांच्यासाठी जागा कोण धरणार?" बाई म्हणाल्या.

संध्याकाळी लालबागला घरी पोचलो, तर चाळीच्या पटांगणात मंडळाचं नाटक सुरू होत होतं. खुर्च्या गच्च भरलेल्या. दुसऱ्या रांगेत एकीवर बायकोची ओढणी.

"बस रे, केव्हाची धरलीय."

ओढणी उचलून बसलो. मागे ताटकळत उभा असलेला माणूस, मी सकाळी बाईंकडे बघितलं होतं, तसाच माझ्याकडे बघत होता.