चारशेचा रोल

भांडुप स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं काउंटर शर्मिष्ठाबाई परुळेकरांचं आहे. तिथे त्या कॅमेऱ्याचे रोल विकतात आणि मागच्या मोरीत धुऊनही देतात. रोल मागायला गेलात की आधी उलटतपासणी होते. फोटो कुठे काढणार? घरात ट्यूब की बल्ब? गॅलरीवर निळी ताडपत्री असेल तर तेही सांगा, खाली बसलेली माणसं निळी येतात. वीस वर्षं कलर लॅबमध्ये लोकांचे प्रिंट काढलेल्या या बाईला उजेडाच्या बाबतीत कोणी शेंडी लावू शकत नाही. मला तर अशी उलटतपासणी घेणारं माणूस प्रत्येक दुकानात हवं असं वाटतं.

त्या दिवशी श्रुतिका नावाच्या पोरीने शंभरचा रोल मागितला, म्हणजे शंभर स्पीडचा, भरपूर उजेड लागणारा. त्यात रंग छान येतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"कोणाचे काढणार?"

"बाबांचे. शनिवारी त्यांचा कामाचा शेवटचा दिवस आहे."

वडील दत्ताराम वायरमन, तिने सांगितलं. चाळीस वर्षं मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांत शिड्या चढले, आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. मोबाईल समोर धरला की ते शाळेतल्यासारखे ताठ उभे राहायचे आणि लगेच "दाखव बघू" म्हणायचे. रोलच्या कॅमेऱ्यात दाखवायला काही नसतं, म्हणजे ते विसरून कामाला लागतील, असा पोरीचा बेत होता.

शर्मिष्ठाबाईंचा हात शंभरच्या डबीवर थबकला. बाविसाव्या वर्षी त्यांनीही हाच रोल निवडला होता, रंगांसाठीच. त्यांचे वडील कारखान्यात लेथवर होते. निवृत्तीच्या दिवशी गेटवरचा गुलमोहर झकास आला. आत मात्र एकच बल्ब होता, आणि त्याखाली मशीनवर वाकलेले वडील. रोल धुतला तर त्या जागी निगेटिव्ह अगदी नितळ, कोरी. पुढे हजारो घरांचे रंग सुधारणाऱ्या हातांना तिथे सुधारायलाच काही नव्हतं. बाबा आलेच नव्हते.

"शंभरचा नाही देणार," त्या म्हणाल्या.

"का पण, काकू?"

"बाबा मीटररूममध्ये जाणार ना? चारशेचा घे, त्याला कमी उजेड पुरतो. कॅमेऱ्यावर दोनशे लाव. उजेड थोडा जास्त झाला तर रोल पचवतो गं, कमी पडला तर त्याला उपास घडतो. आत गेलीस की भिंग पूर्ण उघड, भिंतीला टेक आणि श्वास रोखून धर."

"बल्बखाली पिवळं येईल ना पण?"

"येऊ दे. आधी माणूस तर येऊ दे."

सोमवारी श्रुतिका रोल देऊन काउंटरपाशीच बसून राहिली. आत शर्मिष्ठाबाईंनी ओली पट्टी उजेडासमोर धरली. गच्चीवरचे दत्ताराम ठणठणीत दिसत होते. मीटररूमच्या फोटोपाशी त्या थांबल्या. टेस्टर दातांत धरून, कोणी बघतंय याची शुद्ध नसलेला माणूस. पुसट होता, पण होता. स्कॅन करताना पिवळा रंग काढायला बोटं सवयीने पुढे सरसावली. त्यांनी ती आवरली आणि पिवळा तसाच ठेवला.

त्या बाहेर आल्या तशी श्रुतिका उठून उभी राहिली.

"आले?"

"आले गं, तुझे बाबा आले," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदराने उगाचच पुसत राहिल्या. "माझे राहिले होते."