नैवेद्याआधीचा घास

मुलांनो, चंपाषष्ठीला आपल्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. तुम्ही दोघांनीही त्यावर हसरे चेहरे पाठवलेत, म्हणून हे लिहायला बसले.

त्यातली मुलगी आपल्या अणदूरच्या घराशेजारची, सातवीतली. दोन वर्षं ती रोज पाचला माझ्याकडे इंग्रजी वाचायला यायची. चारचौघांत तोंड उघडायची तिला भीती वाटे. ती भीती हळूहळू गेली होती आणि यंदा गॅदरिंगला ती इंग्रजीत भाषण करणार होती.

आपल्याकडं आषाढापासून वांगं बंद असतं. षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच घरच्यांनी खायचं. इतके महिने थांबलेल्या त्या पोरीनं नैवेद्याआधीच भरताचा घास तोंडात टाकला. तिच्या आईनं तिला कान धरायला लावले आणि समोर मोबाइल धरला.

"सांग समद्यांला, देवाच्या आधी कुणी खाल्लं?"

"म्या," ती म्हणाली. हनुवटीला भरीत तसंच होतं.

हे स्टेटसला गेलं. तिथून तुमच्या आत्याआजीनं उचललं आणि आपल्या ग्रुपवर टाकलं.

लहानपणी मीही हेच केलं होतं. आईनं पाठीत एक धपाटा घातला, दुसरं वांगं भाजायला ठेवलं आणि नैवेद्य दाखवला. माझ्या वडिलांनासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी गेले. मुलीची आई माझीच विद्यार्थिनी. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, गंमत होती, लोकांना आवडलं. मी काढून टाक म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला.

"बाई, तुमी न्हाय का मला भर वर्गात बाकावर उभं केलं? कविता आली नव्हती म्हणून."

मला ते आठवत नव्हतं. तिला कविताही आठवत होती.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "पण घंटा झाल्यावर तू खाली उतरलीस. हिला कोण उतरवणार?"

तिनं स्टेटसवरून व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो मुलीच्या वर्गात पोचला होता. आता तिथं तिला भरीत म्हणून हाक मारतात. मी एकेका नातेवाइकाला फोन करून काढायला सांगते आहे. आत्याआजी म्हणाल्या, "अगं, किती गोड दिसती पोर, तुझं आपलं काहीतरीच." त्यांना तीनदा फोन केला, तिन्ही वेळा हेच ऐकलं आणि तिन्ही वेळा मी चिडून फोन ठेवला.

मुलीनं भाषणातून नाव काढून घेतलं आहे. माझ्याकडे येणंही बंद झालं. पाच वाजता मी दार उघडं ठेवते. बाहेर ती दिसते, पण मान खाली घालून निघून जाते.

व्हिडिओ अजून आपल्या ग्रुपवर आहे. तिची वही माझ्या कपाटात आहे. भाषणाची पहिली चार वाक्यं तिनं स्वतःच्या हातानं त्यात लिहिलेली आहेत.